दोन पांढऱ्या साड्या

इंदोरा, नागपूर
५ जानेवारी २०२५

प्रिय मेघाताई,

सप्रेम जयभीम.

तू फोन उचलत नाहीस याचा राग मी आता सोडून दिला आहे. "फोनवर माझाच आवाज मला ऐकवत नाही, तू पत्र लिही," असं तू धम्मचक्र दिनाला म्हणालीस, तेव्हा मला वाटलं होतं की ही चार दिवसांची लहर आहे. आता माझीच सवय झाली. बाबा तर खूष आहेत. आयुष्यभर लोकांची पत्रं वाटली, आणि आता निवृत्तीनंतर घरचं पत्र पेटीत टाकायला मिळतं म्हणून मी पाकीट चिकटवायच्या आत चप्पल घालून उभे असतात.

बातमी अशी की तारीख ठरली. १६ फेब्रुवारी, रविवार. आपल्याला मुहूर्त पाहायचा नसतो, त्यामुळे विहाराचा हॉल कधी रिकामा आहे आणि अंकुशला वीज मंडळातून सुट्टी कधी मिळते एवढंच पाहिलं. त्याच्या घरची माणसं रामटेकहून बस करून येतील. खर्च दोन्ही घरांनी निम्मा निम्मा करायचा आणि कोणीही कर्ज काढायचं नाही, हे आम्ही दोघांनी आधीच सांगून टाकलं आहे.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग साडी आली.

आई म्हणते, गांधीबागेत जाऊन चांगली पांढरी रेशमी साडी विकत घेऊ, सोनेरी काठाची. मी भाव काढून आले. तेवढ्यात निम्म्या पाहुण्यांचं जेवण होतं. आणि नंतर ती मी नेसणार कधी? दिवसभर पॅथॉलॉजीत रक्ताच्या बाटल्यांशी काम. सदर भागात एक दुकान आहे, तिथे नवरीचा सगळा पांढरा संच भाड्याने देतात. साडी, जरीकामाचा ब्लाउज, ओढणी. दोन दिवस नेसा आणि परत करा. माझ्यासोबतच्या मुलीनं तिथूनच आणला होता आणि ती फार छान दिसली.

हे मी आईला सांगितलं तर ती पोळी लाटता लाटता थांबली. म्हणाली, "लगनाची साडी का भाड्यानं आनतेत वं? मंडपाचे पडदे हायेत का थे?" बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "जिले नेसायची हाये तिले इचारा," आणि विहाराकडे निघून गेले. आठ दिवस झाले, घरात दुसरा विषय नाही.

तेव्हा निकाल तू दे. तुझं आई ऐकते. तुझ्यासारखी साडी मला मिळणार नाही हे मला माहीत आहे. तुझ्या लग्नात मी तुझ्याकडे बघत राहिले आणि मुठीतली फुलं मुठीतच राहिली, आठवतं ना?

तुझी,
रोशनी


काटोल
११ जानेवारी २०२५

प्रिय रोशनी,

जयभीम. तारीख वाचून फार बरं वाटलं. अंकुशला माझा आनंद कळव. तो तुझ्या बोलण्याला हसतो, त्याचा राग धरत नाही, हे मी त्याला भेटले तेव्हाच पाहिलं होतं. संसाराला एवढं पुरतं.

इकडे शाळा ठीक चालू आहे. माझ्याकडे यंदा दुसरीचा वर्ग आहे. खोल्या त्याच आहेत. घरमालकीण म्हणते, एकटीला दोन खोल्या कशाला, एक सोडा. येत्या मार्चमध्ये प्रेमानंदला जाऊन दोन वर्षं होतील, मग बघू, असं म्हणून मी पुढे ढकलते. त्याची मोटारसायकल त्याच्या भावानं नेली. हेल्मेट मात्र इथेच खिळ्याला आहे.

तुझ्या साडीबद्दल. भाड्याची घ्यावी की विकतची, याचं माझं उत्तर असं की दोन्ही नको. माझी नेस.

जुन्या सुती चादरीत गुंडाळून मी ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली आहे. बारीक सोनेरी काठ, पदरावर कमळाची वेल. आईनं ती पसंत करण्यासाठी गांधीबागेतल्या दुकानदाराला इतक्या साड्या उलगडायला लावल्या की शेवटी तो म्हणाला, "बाई, तुम्हीच गादीवर बसा, मी तिकडून बघतो." ब्लाउज तुला घट्ट होईल, तेवढा नवीन शिवून घे. एवढाच खर्च.

तू म्हणशील, ताईला वाईट वाटेल. नाही वाटणार. त्या साडीनं आणखी एखादा चांगला दिवस पाहावा, असं मला फार वाटतं. यापेक्षा जास्त आता लिहीत नाही.

तुझी,
ताई


इंदोरा, नागपूर
१८ जानेवारी २०२५

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून मी रडले आणि नंतर लगेच नाचले. ही गोष्ट मला सुचली कशी नाही? तुझी साडी! विकतचीही आणि फुकटचीही. आईचंही समाधान आणि माझंही.

जेवताना मी तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. आणि ताई, गंमत बघ. इतके दिवस जी बाई भाड्याच्या नावानं बोटं मोडत होती, ती एकदम म्हणाली, "नाही वं. मेघाची साडी कायले काढते? भाड्याचीच आनू. आजकाल सारेच आनतेत."

मी म्हटलं, पडद्यांचं काय झालं? तर म्हणाली, "पडदे तं पडदे. धुवूनच देत असतीन नं थे." मग एकामागून एक कारणं. रेशीम पिवळं पडलं असेल. घडीवर चिरलं असेल. तुझी उंची माझ्यापेक्षा जास्त, मला नेसता येणार नाही. मी म्हटलं, आई, साडीला उंची कुठे असते? तर उठून ताटं गोळा करायला लागली. माझं जेवण अजून व्हायचं होतं.

बाबांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा. ते पेपर वाचत होते, म्हणजे समोर धरला होता. म्हणाले, "आईची इच्छा पाह्य." हेच बाबा वस्तीतल्या प्रत्येक लग्नात उभे राहून सांगतात की नवरीची इच्छा पहिली.

मला वाटतं, आईला तुझी काळजी आहे. माझ्या अंगावर ती साडी बघून तुला भाऊजींची आठवण येईल आणि तू सगळ्यांसमोर कोलमडशील, असं तिला वाटत असणार. मी तिला म्हटलं की ताईनंच स्वतः लिहिलंय. तर ती म्हणाली, "लिहनं सोपं हाये."

असो. येत्या शनिवारी आई स्वतः माझ्यासोबत सदरला येणार आहे. तिचं मन असं अचानक वळलं याचं मला एकीकडे बरंच वाटलं. पण तुझी साडी मला हवीच आहे, ताई. तू आईला एक ओळ लिही ना.

तुझी,
रोशनी


काटोल
२२ जानेवारी २०२५

प्रिय रोशनी,

जयभीम. आई म्हणते ते बरोबर आहे. भाड्याचीच घे.

माझी साडी आता नाही. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या जिजाबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं, तिला दिली. पहिलं पत्र लिहिलं तेव्हा हे ठरायचं होतं. तुला उगीच आशेला लावलं.

शाळेचं स्नेहसंमेलन त्याच आठवड्यात आहे. सुट्टी मिळेलच असं नाही. मिळाली तर सकाळी येऊन संध्याकाळी परत निघेन. माझ्यासाठी पुढे जागा धरून ठेवू नका, मी मागे बायकांमध्ये बसेन.

आईला सांग, मला काही वाटलेलं नाही.

ताई


इंदोरा, नागपूर
२७ जानेवारी २०२५

ताई,

जयभीम. हे पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच घडी घालून ठेवू नकोस.

जिजाबाईंची मुलगी सातवीत आहे. तिला तू फळ्यावरची गणितं सोडवून दाखवतेस हे तूच मला मागे लिहिलं होतंस. तुझं पत्र शुक्रवारीच आलं, मी ते दोनदा वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. आईच्या पहिल्या वाक्याला तुला जे कळलं, ते मला तिच्या समोर बसून कळलं नव्हतं. मी गंमत म्हणून लिहून पाठवलं. मला माफ कर.

आता सदरची हकीकत सांगते.

दुकान वरच्या मजल्यावर आहे. दिपाली नावाची मुलगी ते चालवते, माझ्याहून थोडी मोठी असेल. आई इतकी गोड बोलत होती की मला ते खटकत होतं. आईनंच पसंत केलेली साडी चांगली होती, खोटं कशाला बोलू. दुधासारखी पांढरी, काठ रुंद. मी ब्लाउज घातला तर तो सैल. दिपाली म्हणाली, "कापता येत नाही ताई, आमचा नियम हाये. आतून टाके मारून देते, परत आला का उसवून टाकते." तिनं तो उलटा करून दाखवला. आत दोन्ही शिवणींना जास्तीच्या कापडाची भरपूर माया सोडलेली होती, आणि तिच्यावर सुयांच्या भोकांच्या ओळी. एकीजवळ दुसरी, दुसरीजवळ तिसरी. कोणी बारीक, कोणी जाड. प्रत्येक नवरीची एक ओळ.

मी त्या ओळींवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "या सगळ्या कोण होत्या?"

दिपाली हसली. "आता थे कुठं आठवते? लई जनींनी नेसली हाये. हे साडी चालतेच खूप."

आई शेजारीच होती. साडीचा पदर दोन्ही हातांवर धरून, मान हलवत, "छान हाये, छान हाये," म्हणत होती. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. मी ठरवून बोलले नाही, ताई. मी म्हटलं, "आई, मग या सगळ्यांच्या नवऱ्यांची चौकशी करायची का आपण? कोण जिवंत आहे, कोण नाही?"

आईच्या हातातला पदर खाली गेला. ती तिथल्या स्टुलावर बसली. दिपालीनं पाणी आणलं. ते न पिता आईनं पर्समधून आगाऊ पैसे काढून तिच्या हातात ठेवले आणि म्हणाली, "लिहून घे, बाई. सोळा तारीख." मग जिन्यानं खाली उतरली.

घरी आल्यावर मात्र मी सोडलं नाही. मी म्हटलं, भाऊजी गेले तेव्हा आपल्या घरात ताईच्या बांगड्या कोणी फोडू दिल्या नाहीत. नात्यातल्या बायका पुढे झाल्या तर तूच त्यांना हात धरून बाहेर काढलंस. बाबा गावभर सांगतात की शकुन-अपशकुन हे माणसानं माणसाला छळायला काढलेलं आहे. मग साडीला काय झालं?

आई म्हणाली, "मी मानत नाही वं. आजबी नाही मानत." मग पर्स खुंटीला अडकवून म्हणाली, "पन मले भेव लागते. न मानून भेव जात नाही, तं मी काय करू?"

बाबा खुर्चीत होते. या वेळी पेपर नव्हता. उठून तुळईवरचा तुझ्या लग्नाचा फोटो घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत ठेवला.

काल आईनं तिळाचे लाडू वळले. आज सकाळी मला विचारत होती, काटोलची बस गणेशपेठ स्टँडवरून कितव्या फलाटावर लागते. बायकांचं तिकीट अर्धं झालं तरी ती एकटी कधी बसली नाही हे तुला माहीत आहे. कशाला विचारते ते सांगत नाही.

सदरची साडी मी नेसेन. त्याचं मला काही नाही. पण तू मागे बसणार असशील तर मीही मागे येऊन बसेन, मग पुढे अंकुश एकटाच उभा राहील. त्याला बरं वाटणार नाही.

रोशनी


काटोल
३१ जानेवारी २०२५

प्रिय रोशनी,

जयभीम.

काल आई आली. एकटी. मी शाळेतून परतले तर ती दाराबाहेर पायरीवर बसलेली, मांडीवर तिळाच्या लाडवांचा डबा. कुलूप उघडलं, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "साडी दाखव."

मी म्हटलं, ती तर दिली ना आई. "कोनाले देल्ली? लहानपनापासून तुले खोटं बोलता येत नाही, आता कुठून येईन?"

मी ती काढून दिली. आईनं चादर सोडली, साडी मांडीवर घेतली आणि तळहातानं सारखी करत बसली. तुझ्यावर रागावली असेल असं मला वाटलं होतं. ती तुझ्याबद्दल बोललीच नाही. ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुलाही माहीत असायला हवं.

"प्रेमानंद गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुह्या अंगावर काय घालावं मले समजेना. सारे पांढऱ्यात. तुह्या कपाटात पांढरी म्हनशीन तं हेच एक. मीच काढली, मीच तुले नेसवली. निऱ्या घालता घालता ध्यानात आलं का लगनातबी मीच नेसवली होती. तरी माहा हात थांबला नाही. थांबायले पाह्यजे होता, बाई."

रोशनी, तू त्या दिवशी तिथेच होतीस. तुझ्या लक्षात आलं नाही, आणि तुझा त्यात दोष नाही. आपल्याकडे लग्नातही पांढरं आणि त्या दिवशीही पांढरं. एवढ्या पांढऱ्या साड्यांमध्ये कोणाची कुठली हे कोण पाहतं? पण मला माहीत होतं. आईनं निऱ्याही तशाच घातल्या होत्या, उजवीकडे एक थोडी रुंद. मला वाटत होतं की हे फक्त मला ठाऊक आहे. आईला वाटत होतं की फक्त तिला. दोन वर्षं आम्ही दोघी एकमेकींपासून ते जपत राहिलो.

ती म्हणाली, "भाड्याच्या साडीचं मले काही माहीत नाही, म्हनून मले तिचं भेव नाही. तुह्या साडीचं मले सारं माहीत हाये."

मग मी पहिल्यांदा बोलले. मी म्हटलं, "आई, तेच मलाही माहीत आहे. म्हणूनच मी ती देऊ केली. साडीनं पाहिलेला शेवटचा दिवस तोच. कपाट उघडलं की मला तोच दिवस दिसतो. माझं लग्न दिसत नाही. तिचा शेवटचा दिवस तोच राहू द्यायचा का?"

आई रडली. मीही रडले. फोनवर मला हे तुला सांगता आलं नसतं.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "रिठे हायेत का घरात?" रिठे नव्हते. ती स्वतः जाऊन वाण्याकडून घेऊन आली. आम्ही दोघींनी मागच्या अंगणात टोपात साडी भिजवली. तिनं एक टोक धरलं, मी दुसरं. पाणी निथळायला सावलीत वाळत घातली. सगळीकडे शेजारच्या गोदामातल्या संत्र्यांचा वास येत होता. आई म्हणाली, पदराला एक बारीक डाग आहे, हारातल्या फुलाचा. मी म्हटलं, तो लग्नातला आहे. तिनं तो घासला नाही, तसाच राहू दिला.

ती रात्री राहिली. सकाळी साडी पिशवीत घालून घेऊन गेली. ती तू नेसणार आहेस. जाताना मी तिला सदरच्या साडीची आठवण करून दिली. म्हणाली, "आगाऊ पैसे काही परत भेटत नाहीत, थ्या पोरीनं सांगतलं नं. मंग तू नेस थे."

मी म्हटलं, आई, ती नवरीची साडी आहे. लोक काय म्हणतील? तर ती बसच्या पायरीवर चढता चढता म्हणाली, "लोकायले तिकीट काढून बोलावलं का मी?"

मी अजून हो म्हटलेलं नाही.

तुझी,
ताई


इंदोरा, नागपूर
५ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मी विहाराच्या आवारात बसून वाचलं. घरी वाचवलं नसतं. त्या दिवशी मी तुझ्या शेजारी बसले होते, तुझा हात माझ्या हातात होता, तरी मला साडी दिसली नाही. आता ती माझ्या डोळ्यापुढून हलत नाही. पण भीती मात्र वाटली नाही, हे तुला खरं सांगते.

साडी आमच्याकडे पोचली आहे. आईनं तिला स्वतः इस्त्री केली, वर ओला पंचा टाकून, काठाला धक्का न लावता. मला दोनदा नेसवून पाहिली. उंचीचा काहीच प्रश्न आला नाही. मी हे तिला बोलून दाखवलं, तर माझ्या पाठीत एक धपाटा बसला.

बाबांनी तुला निरोप दिला आहे. त्यांच्या शब्दांत देते: "तिले सांग, या लगनात माहं भाषन नाही. हॉलच्या दारापासून मेघा रोशनीचा हात धरून आनंन, भाषन तेच समजा." हे त्यांनी बौद्धाचार्यांनाही जाऊन सांगितलं. हे काम नवरीच्या मामीचं असतं असं कोणीतरी म्हणालं, तर बाबा म्हणाले की मामीला माझा जयभीम सांगा.

आणि ऐक. परवा ते एकटे सदरला गेले होते. दिपालीला सांगून आले की ब्लाउजचे टाके आता दुसऱ्या मापानं मारायचे. तुझं माप त्यांना कुठून माहीत असणार? तुझा एक जुना ब्लाउज पेपरात गुंडाळून घेऊन गेले होते. जिन्यानं चढून. मी आयुष्यात बाबांना बायकांच्या दुकानात पाय ठेवताना पाहिलेलं नाही.

आता तू नाही म्हणून दाखव.

तुझी,
रोशनी


काटोल
१९ फेब्रुवारी २०२५

प्रिय रोशनी,

जयभीम. हे पत्र तुला रामटेकच्या पत्त्यावर लिहिते आहे. पाकिटावर तुझं नाव लिहिताना थोडं थांबले. नाव तेच, खाली गाव वेगळं.

लग्नात तुझं लक्ष पुढे होतं, ते बरोबरच. म्हणून तुझ्या पाठीमागे काय झालं ते सांगते.

सकाळी आईनं आधी तुला नेसवलं. तू आरशापाशी गेलीस तेव्हा तिनं सदरची साडी उचलली आणि मला म्हणाली, ये. निऱ्या घालताना तिचा हात थांबला. या वेळी थांबला. मी म्हटलं, "घाल, आई." तिनं घातल्या. उजवीकडची एक थोडी रुंद आलीच.

हॉलच्या दारात मी तुझा हात धरला. तुझा हात गरम होता. मी समोरच्या मूर्तीकडे बघत चालले, माणसांकडे पाहिलंच नाही. पण ऐकू येत होतं. गोपिकाकाकू आईला म्हणाल्या, "काहून वं इंदूबाई, एकीचं लगन हाये का दोघीचं?" आई म्हणाली, "एकीचं. दुसरी माही मोठी पोरगी हाये." बस, एवढंच. जेवताना काकूंनीच माझ्या ताटात आग्रहानं बुंदी वाढली.

तुम्ही दोघं पंचशील म्हणत होता तेव्हा मी तुझ्या पदराकडे बघत होते. फुलाचा तो डाग तिथे होता. मला प्रेमानंदची आठवण आली, खूप आली, आणि मी कोलमडले नाही. मला आमचं लग्न आठवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा ती साडी बघून मला लग्न आठवलं. आणि मग मी मुठीतली फुलं टाकली, तुझ्यासारखी विसरले नाही.

भाड्याची साडी मंगळवारी परत द्यायची होती. तू रामटेकला, म्हणून मीच सदरला गेले. दिपालीनं घडी उलगडून सगळीकडून पाहिली, मग ब्लाउज उलटा करून माझे टाके उसवायला बसली. म्हणाली, "नवरी तुमीच का?" मी म्हटलं, नाही, बहीण. ती "बरं" म्हणाली आणि दोरा ओढत राहिली. तू लिहिलेल्या त्या ओळी मी पाहिल्या. दोरा निघाला आणि तिथे आणखी एक ओळ उरली. माझी. येत्या रविवारी ती साडी कामठीकडे एका लग्नाला जाणार आहे. त्या मुलीनं विचारलं तर दिपाली सांगेल की आधी कोणी नेसली ते आठवत नाही. तिला माझं काहीच माहीत असणार नाही. त्या ओळींमध्ये मीही एक नवरीच. मला ते बरं वाटलं.

आपली साडी आईनं पुन्हा धुतली आणि तिच्या कपाटात ठेवली. चादरीत गुंडाळली नाही. त्या साडीचा शेवटचा दिवस आता तुझा आहे, आणि तोही शेवटचा राहू नये, असं आई म्हणते.

मी घरमालकिणीला एक खोली सोडते म्हणून सांगितलं. प्रेमानंदचं हेल्मेट उरलेल्या खोलीत आणून लावलं आहे.

तुझं घर लागलं की कळव. पण पत्रानं नको. रविवारी दुपारी फोन कर. मी उचलेन. माझा आवाज कसा येतो ते तूच ऐकून सांग.

तुझी,
मेघाताई